आकाशकंदिलावरचा सोनेरी छाप दिवा लावला की काळा दिसतो

गॅलरीतला

नमस्कार मंडळी. दिवाळीला तीन आठवडे राहिलेत आणि माझं काम अडलंय.

वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, गोदामांच्या, मालाच्या खोक्यांवरचे आकडेसुद्धा. ते गेले त्याला मार्चमध्ये वर्ष झालं. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचे पत्र्याचे छापे सापडले, म्हणजे आकार कापून काढलेले स्टेन्सिल. बहुतेक अक्षरांचे, कडांवर रंगाची इतकी पुटं की पत्रा जाड झालाय. त्यांत एकच कोयरीचा. तळहाताएवढी कोयरी, तिच्या पोटात लहान कोयरी, ती दोन बारीक सांध्यांनी धरलेली. हा मात्र कोरा, रंगाचा थेंब नाही. यंदाचा कंदील याच छाप्याने करायचा असं ठरवलंय.

सांगाडा झालाय. नऊ-नऊ इंचांच्या २४ कामट्या. सहा चौकोन बांधून कोपऱ्याला कोपरा जोडला की मधले आठ त्रिकोण आपोआप पडतात, तोच जुना घाट. कामट्यांवर आईच्या विरलेल्या साडीचे जरीकाठ चिकटवले, ते फार सुंदर दिसतायत. मग पिवळा पतंगी कागद लावला आणि एका चौकोनावर सोनेरी अ‍ॅक्रिलिकने छाप मारला. रंग छाप्याखाली पाझरला, कागद सुरकुतला, आणि आत बल्ब लावला तर सोनेरी कोयरी काळीठिक्कर.

बाबांच्या कंदिलावर दिवसा नुसता पिवळा कागद दिसायचा. संध्याकाळी दिवा लागला की त्यातून कोयऱ्या उमटायच्या. आम्ही पोरं चाळीच्या गॅलरीत त्या क्षणासाठी थांबायचो. ते कसं करायचे, विचारायचं राहून गेलं. कुणाला माहीत आहे का?

खळवाटी

दादा, आधी पाझरण्याचं बघू. ब्रश ओला असतो म्हणून पाझरतं. आखूड, ताठ केसांचा ब्रश घ्या, रंगात जेमतेम टेकवा आणि रद्दी कागदावर इतका पुसा की संपला असं वाटावं. मग छाप्यावर सरळ उभा धरून टिपत जा, ओढू नका. फिका वाटला तर वाळल्यावर दुसरा हात द्या. छापा चारी बाजूंनी कागदी चिकटपट्टीने घट्ट बसवा.

सुरकुत्या पडल्या कारण पतंगी कागदाला पाणी सोसत नाही. मी तो सोडूनच दिला. जुनं मलमल खळीत बुडवून चौकोनावर ताणून बसवते, वाळलं की डफासारखं ताठ होतं, त्यावर छाप स्वच्छ येतो. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालते, झुरळं लागत नाहीत. मोरचूद विषारी असतं, तेव्हा त्याला स्वयंपाकाचं भांडं वापरू नका आणि लहान मुलांना खळीत हात घालू देऊ नका.

पुण्याकडे असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एकदा जाऊन या. १९४० सालची संस्था आहे. कंदिलाला लावायच्या कागदी करंज्यांना तो कागद मला पतंगीपेक्षा जास्त आवडतो.

तळकोकण

सोनेरी रंग उजेड आरपार जाऊ देत नाही, म्हणून काळा दिसतो. कंदिलाचा रंग टेबलावर ठेवून ठरवू नये. प्रत्येक तुकडा दिव्यासमोर धरून बघायचा.

मी आधी छाप्यातून खोबरेल तेल टिपलं होतं. तेलाने कागद पारदर्शक होतो हे खरं, पण ते पसरत जातं. दोन दिवसांत कोयरीचा भोपळा झाला. मग मेणबत्तीचं मेण वितळवून कापसाच्या बोळ्याने टिपलं. मेण लगेच थिजतं, कड बरी राहते. आत एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब तापतो. आमच्याकडे परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो, त्यातही मेणाचा कागद टिकला.

कागदवेडी

मेणाचा डाग दिवसाही दिसतो. तुमच्या बाबांच्या कंदिलावर दिवसा काहीच दिसत नव्हतं म्हणता, तर मला वाटतं त्यांनी बाहेरून काही केलंच नसावं. आतून दुसरा कागद लावला असेल. छापा त्या कागदावर ठेवून पेन्सिलीने आकार काढायचा, धारदार पात्याने कापून टाकायचा आणि तो जाळीचा कागद पिवळ्याच्या आतल्या अंगाला चिकटवायचा. खळ फक्त कडेला लावायची, मध्ये लावली तर डाग पडतात. मग दिवा लागल्यावर जिथे कागद एकेरी तिथे उजेड जास्त आणि दुहेरी तिथे कमी. सोनेरी छाप हवाच असेल तर तो त्रिकोणांवर मारा, तिथे दिवसाची शोभा होईल.

गॅलरीतला

कागदवेडीताई, तुमचं वाचलं आणि तो छापा पुन्हा खिडकीत नेऊन पाहिला. कोयरीच्या कापाच्या कडेने, आतल्या बाजूला, करडी झिलई आहे. बोट फिरवलं तर बोटाला शिसं लागलं. पेन्सिल! मी त्याला पत्र्याचा गंज समजत होतो. कोरा का राहिला, तेही कळलं.

काल रात्री एक चौकोन केला. आत पांढरा पतंगी कागद, त्यातून कोयरी कापलेली, कडेला बारीक खळ. नऊ वॅटचा एलईडी लावून खोलीतला दिवा घालवला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि काही न बोलता कंदिलापाशी उभी राहिली.

खळवाटीताई, कोरड्या ब्रशची युक्ती त्रिकोणांवर वापरली, एकही छाप पाझरला नाही. तळकोकण, तुकडा दिव्यासमोर धरून बघायची सवय आता लागलीच.

लहान कोयरी धरणारे ते दोन सांधे आतल्या कागदावर तसेच राहतात, त्यामुळे उजेडात दोन गडद रेघा दिसतात. बाबांच्या कोयरीतही त्या होत्या. मला लहानपणी ते देठ वाटायचे. अजून तीन चौकोन कापायचेत, मग झिरमिळ्या.