रीमा लागूंना हिंदी सिनेमाने ‘वाया घालवलं’ म्हणे. मग आपण काय केलं?

शेवटची रांग

१८ मे आला की ठरलेली पोस्ट फिरते. ‘मैंने प्यार किया’मधला एक फोटो, खाली ‘बॉलिवूडची लाडकी आई’, आणि प्रतिक्रियांत कुणीतरी हळहळतं की एवढी तयारीची रंगभूमीवरची नटी, हिंदीवाल्यांनी आईच्या भूमिकांत वाया घालवली. २०१७ साली त्या गेल्या तेव्हापासून हे चालू आहे. मला हे रडगाणं पटत नाही.

हळहळणाऱ्यांचा मुख्य पुरावा असतो वयाचा. जन्म २१ जून १९५८. ‘कयामत से कयामत तक’ १९८८चा, म्हणजे जुही चावलाची आई झाल्या तेव्हा रीमा जेमतेम तिशीच्या. पुढच्याच वर्षी सलमानची आई. तो त्यांच्याहून साडेसात वर्षांनी लहान. ‘वास्तव’मध्ये तर संजय दत्त फक्त वर्षभराने धाकटा. हास्यास्पद आहे, मान्य. पण रंगभूमीवर हा हिशोब आपण कधी मांडतो? तिथे पंचविशीतली मुलगी सासू उभी करते तेव्हा आपण ‘काय बेअरिंग पकडलंय’ म्हणून टाळ्या देतो. तीच गोष्ट कॅमेऱ्यासमोर झाली की लगेच अन्याय?

आता दुसरं, जरा टोचणारं. जयवंत दळवींचं ‘पुरुष’, विजया मेहतांचं दिग्दर्शन, समोर नाना पाटेकर. शेखर ताम्हाणेंचं ‘सविता दामोदर परांजपे’. या दोन नाटकांनी मराठी प्रेक्षकाला कळलं होतं की ही बाई काय करू शकते. मग त्या वर्षांत मराठी सिनेमा काय करत होता? ‘धुमधडाका’ १९८५, ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८, ‘माहेरची साडी’ १९९१. पहिले दोन मलाही तोंडपाठ आहेत, गैरसमज नको. पण त्या लाटेत नायिकेने करायचं काय असायचं? हिरोच्या गोंधळावर डोळे मोठे करायचे आणि गाण्यात फेर धरायचा. तिसऱ्यात रडायचं. रीमासारख्या नटीला घेऊन एखादी मोठी, मध्यवर्ती भूमिका लिहावी असं मराठी पडद्याला तेव्हा सुचलं नाही. हिंदीने निदान काम दिलं, पैसे दिले, देशभर ओळख दिली. वाया घालवल्याचा आरोप करायचाच तर आधी घरातून सुरुवात करू.

विंगेतून

पूर्ण असहमत.

वयाचा मुद्दा तुम्ही सोयीचा म्हणून घेतलात, कारण तो खोडायला सोपा आहे. तक्रार वयाची नाहीच, तक्रार लिखाणाची आहे. ‘पुरुष’मधली अंबिका आठवा. शाळेत शिकवणारी मुलगी, वडील गांधीवादी, एक पुढारी, गुलाबराव, तिच्यावर बलात्कार करतो. बदनामी, कोर्ट, घर मोडणं, सगळं होतं. आणि शेवटी ती गुलाबरावाचं पुरुषपणच कापून टाकते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, व्यावसायिक रंगमंचावर, मध्यमवर्गीय कुटुंबं तिकीट काढून बसलेली असताना! ‘सविता दामोदर परांजपे’त तर एकाच बाईच्या शरीरात दोन बायका. एक आजारी, खंगलेली बायको आणि दुसरी जी तिच्या तोंडून बोलते. त्याच प्रवेशात, त्याच साडीत, कसलाही ट्रिक सीन नाही.

हे करणाऱ्या नटीला हिंदीने हातात आरतीचं तबक दिलं. मुलीला निरोप देताना रडा, मुलगा परत आला की रडा, मधल्या वेळात नवऱ्याला समजवा. याला ‘काम दिलं’ म्हणायचं असेल तर म्हणा.

पिटातला

डॉ. लागूंच्या पत्नी ना या? दोघांनी एकत्र नाटक केलं होतं का?

शेवटची रांग

नाही हो. डॉ. श्रीराम लागूंच्या पत्नी दीपा श्रीराम. रीमा या माहेरच्या नयन भडभडे, आई मंदाकिनी भडभडे याही रंगभूमीवरच्या. लग्न अभिनेते विवेक लागू यांच्याशी. दर धाग्यावर हा प्रश्न येतोच, तो आला, आता पुढे.

कमलपत्र

विंगेतून, तबकाचा मुद्दा ‘हम आपके हैं कौन’ला लागू पडतो. सगळ्यांना नाही. रीमाच्या आधीची हिंदी आई आठवा: पांढरी साडी, शिलाई मशीन, खोकला, देवळातली घंटा. निरुपा रॉय यांनी ते इतकं केलं की त्याचे विनोद झाले. रीमाने आणलेली आई नटते, हसते, मुलाशी मैत्रिणीसारखी बोलते, नवऱ्याच्या विरोधात मुलाची बाजू घेते. ‘आशिकी’त तर नवऱ्याने दुसरा घरोबा केलेली बाई आहे ती. तिच्या वाट्याला प्रसंग फार नाहीत, पण एकाही प्रसंगात ती लाचार दिसत नाही.

‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’, ‘वास्तव’. चार वेळा फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं नामांकन, पुरस्कार एकदाही नाही. तुम्हाला हळहळायचंच असेल तर यावर हळहळा. पण या चार बायका एकसारख्या आहेत असं म्हणणाऱ्याने त्या सलग पाहिलेल्या नसतात.

विंगेतून

सलग पाहिल्यात. रीमा वेगळी दिसते ती रीमामुळे. लेखकामुळे नाही. पातळ आमटीत स्वयंपाकिणीने स्वतःच्या हाताची चव आणली म्हणून डाळ कमी घातल्याचं कौतुक करायचं का?

रविवार दुपार साडेचार

दोघांच्याही यादीतून एक मोठी गोष्ट सुटली आहे. टीव्ही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मोठ्या पडद्यावर ती माधुरीची आई होती, आणि त्याच वेळी ‘श्रीमान श्रीमती’त शेजारचा दिलरुबा तिच्यावर लाइन मारत होता! कोकी कुलकर्णी. समोर जतीन कनाकिया, राकेश बेदी, अर्चना पूरणसिंग. म्हणजे जिला सिनेमावाले साठीची समजत होते ती घराघरांत चक्क एक आकर्षक शेजारीण होती. आणि ‘तू तू मैं मैं’! सचिन पिळगावकरांचं दिग्दर्शन, सुप्रियाबरोबरची जुगलबंदी. त्या देवकीचं टायमिंग बघा. वाक्य संपायच्या अर्धा क्षण आधी नजर फिरते, मग शब्द पडतो. हे तालमीत घोटलेलं अंग आहे, मालिकेच्या घाईगर्दीत नव्याने शिकून येत नाही.

त्यामुळे ‘हिंदीने वाया घालवली’ हे वाक्यच अर्धवट आहे. हिंदीतला कुठला भाग?

शेवटची रांग

रविवार, अगदी हेच. आणि हिंदीतलेही सगळे सिनेमावाले एका माळेचे नव्हते. बेनेगलांच्या ‘कलयुग’मध्ये आणि निहलानींच्या ‘आक्रोश’मध्ये ती आहे. अरुणा राजेंच्या ‘रिहाई’तही, जिथे नवरे शहरात कमवायला गेलेल्या गावातल्या बायकांच्या देहाच्या भुकेबद्दल सरळ बोललं गेलं. मराठीत तेव्हा त्या विषयाला हात लावायची कुणाची छाती होती?

ठाणे फास्ट

मराठीत ‘सिंहासन’ होता, साहेब. १९७९, जब्बार पटेल, त्यातही रीमा आहे. आणि ‘उंबरठा’ही मराठीच. मराठीला एवढं झोडपू नका.

माझा मुद्दा निराळा आहे, जरा रोकड्याचा. नाटकवाल्या नटीचं गणित तुम्ही कुणी मांडत नाही. प्रयोग झाला तर नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळणार. प्रयोग रद्द, नाईट नाही. दौऱ्यावर बसने रात्रभर प्रवास, सकाळी पोचायचं, दुपारी नाटक, पुन्हा बस. रीमा सुरुवातीची कित्येक वर्षं बँकेतली नोकरी सांभाळून हे करत होती. हौस म्हणून नव्हे, बहुतेकांना तेव्हा नोकरी लागायचीच. अशा बाईला कुणी सिनेमाच्या तारखा मागितल्या आणि तिने दिल्या, तर तिला ‘वाया गेली’ म्हणणारे आपण कोण? तिचा निर्णय होता. ती काही कुणी पळवून नेलेली नव्हती.

विंगेतून

ठाणे फास्ट, निर्णय तिचा होता हे मीही नाकारत नाही. पण समोर पर्याय किती होते ते बघाल की नाही? त्याच वयाच्या नटांना काय मिळत होतं? नाना पाटेकर. ‘पुरुष’मधला तिचा सहकलाकार, तिच्याहून वयाने मोठा. तो ‘परिंदा’, ‘प्रहार’, ‘क्रांतिवीर’ करत सुटला, नायक झाला. एकाच नाटकातून निघालेली दोन माणसं. एक पस्तीस-चाळिशीनंतर नायक होतो, दुसरी तिशीत आई होते. आता सांगा हा फक्त निर्णयाचा प्रश्न आहे का.

कमलपत्र

हा मुद्दा जोरदार आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही, पण एक जोड आहे. हे रीमापुरतं नाही. रोहिणी हट्टंगडी बघा. ‘गांधी’मधल्या कस्तुरबासाठी बाफ्टा घेतलेली बाई, आणि ‘अग्निपथ’मध्ये आपल्याहून वयाने बऱ्याच मोठ्या अमिताभची आई. तिला त्यासाठी फिल्मफेअर तरी मिळालं. त्याआधी दुर्गा खोटे, त्याआधी-नंतर सुलोचनादीदी. मराठीत ‘वहिनींच्या बांगड्या’ची नायिका आणि हिंदीत जन्मभर कुणा ना कुणाची आई. हिंदी सिनेमाला भाषा स्वच्छ बोलणारी, पहिल्या टेकला शॉट देणारी, नखरे न करणारी बाई हवी असली की नजर दादर-गिरगावकडे वळायची. आपण अभिमानाने ‘आपल्या’ म्हणायचो. हे जुनंच दुखणं आहे.

पिटातला

मग मुंबईतच सगळं असताना त्या नाटकांचं रेकॉर्डिंग का नाही बघायला मिळत? मी नव्वदनंतर जन्मलेला. ‘सविता दामोदर परांजपे’ म्हटलं की मला २०१८चा सिनेमा आठवतो, सुबोध भावे आणि तृप्ती तोरडमलचा. तुम्ही दोघं ज्या रीमावरून भांडताय ती मला फक्त तुमच्या शब्दांत दिसते. माझ्यासाठी रीमा लागू म्हणजे टीव्हीवर दर महिन्याला लागणाऱ्या सिनेमातली आई. राग मानू नका, पण माझ्या पिढीपुरतं बोलायचं तर हिंदीनेच तिला जिवंत ठेवलं.

शेवटची रांग

पिटातला, राग कसला, हाच तर माझा धागा. आपण तिला जपून ठेवलं नाही आणि ज्यांनी ठेवलं त्यांना शिव्या घालतो.

विंगेतून

जपून ठेवणं आणि न्याय देणं यात फरक आहे. नाटक प्रयोगाबरोबर संपतं हे नटाला माहीत असतं, ते मान्य करूनच तो उभा राहतो. त्यावरून तो सिनेमात बरा होता असं ठरत नाही.

रविवार दुपार साडेचार

मराठीने अगदीच पाठ फिरवली असंही नाही हं. गजेंद्र अहिरेंचा ‘अनुमती’ (२०१३), विक्रम गोखल्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो. त्यात ती कुणाची आई म्हणून येत नाही, नायकाची जुनी मैत्रीण म्हणून येते. थोडकी भूमिका आहे, पण पन्नाशी ओलांडलेल्या दोन माणसांमधला तो मोकळेपणा मराठी पडद्यावर फार कमी दिसतो. आणि ‘कट्यार काळजात घुसली’त गोष्ट सांगणाऱ्या कट्यारीचा आवाज तिचा. शेवटी शेवटी ‘नामकरण’ मालिकेत तर ती चांगलीच कडवट, करारी म्हातारी करत होती. तिचं काम चालू असतानाच गेली, अठ्ठावन्नाव्या वर्षी. अजून वीस वर्षं हातात होती. वेब सिरीजवाल्यांनी आता काय काय लिहिलं असतं तिच्यासाठी, हा विचार मात्र मला खरंच छळतो.

ठाणे फास्ट

त्यांनीही हिरोची आईच लिहिली असती. फक्त शिव्या देणारी.

शेवटची रांग

😀

विंगेतून, तुम्ही म्हणता हिंदीतली तिची आई फक्त रडते. ‘हम साथ साथ हैं’ विसरलात. ज्या बडजात्यांनी ‘मैंने प्यार किया’त तिला आदर्श आई केलं, त्यांनीच दहा वर्षांनी तिला कैकेयी केलं. सावत्र मुलाला घराबाहेर काढणारी, मैत्रिणींच्या नादाने बिघडलेली. तिथे ती चुकते, आणि चुकताना वाईट दिसायला जराही घाबरत नाही.

विंगेतून

नाही विसरले. तिला चुकायला थोडा वेळ मिळतो, मग पश्चात्ताप, मग अश्रू, मग सगळे एका फ्रेममध्ये. अंबिका माफी मागत नाही.

शेवटची रांग

बरं. मग ‘वास्तव’ची शांता? ती कुठे माफी मागते? स्वतःच्या हाताने मुलाला गोळी घालते. तेही संजय दत्तला, ज्याच्या सख्ख्या आईने ‘मदर इंडिया’त पडद्यावरच्या मुलावर बंदूक चालवली होती. नर्गिसच्या त्या प्रसंगाच्या सावलीत उभं राहायचं आणि तरी स्वतःची शांता वेगळी काढायची. मांजरेकरांनी हे काम एका नाटकवालीलाच दिलं, ते उगीच नाही.

विंगेतून

तो प्रसंग मोठाच आहे, वादच नाही. पण नीट आठवा. नर्गिस मुलाला अडवायला गोळी घालते, मुलाच्या मर्जीविरुद्ध. ‘वास्तव’मध्ये रघू स्वतःच आईच्या हातात पिस्तूल देतो, मला सोडव म्हणून विनवतो. तिथेही ती मुलाचंच ऐकते आहे.

शेवटची रांग

हं. पिस्तूल हातात घेतल्यानंतरचा तिचा चेहरा मात्र कुणाचं ऐकणाऱ्या बाईचा नाही, असं मला आठवतंय. आज रात्री पुन्हा बघतो. उद्या इथेच भांडू.

ठाणे फास्ट

उद्या मी नाही, प्रयोगाला चाललोय. तिकीट काढून.