मदत हवी आहे: गेमच्या शेवटाशी घोडं अडलंय

मंडळी, मी आणि माझा मावसभाऊ मिळून एक छोटा गेम बनवतोय. बंद पडलेल्या दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट, साधारण दोन तासांची. बाकी सगळं जुळून आलंय, शेवट तेवढा जमत नाहीये. सध्या शेवटी दोन पर्याय येतात: दिवा लावायचा की गाव सोडायचं. पाच जणांना खेळायला दिला. पाचही जणांनी शांतपणे बटण दाबलं आणि विचारलं, "संपला?" फार लागलं ते मनाला.

'रेड डेड रिडेम्प्शन'चा शेवट माझ्या डोक्यातून जात नाही. २०१० चा गेम. त्याचा नायक जॉन मार्स्टन बायको-मुलाला घोड्यावर बसवून पाठवतो, कोठाराच्या दारातून बाहेर डोकावतो आणि मग दार ढकलून बाहेर पडतो. समोर बंदुका रोखलेले सैनिक. वेळ मंदावते, आपण जमतील तेवढे नेम धरतो, आणि ते पुरणार नाहीत हे आपल्याच बोटांना कळतं! उलट 'मास इफेक्ट ३'मध्ये तीन गेमभर घेतलेले निर्णय शेवटी मोजक्या पर्यायांवर आले. खेळाडू इतके नाराज झाले की तो गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीने २०१२ च्याच जूनमध्ये वाढीव शेवट फुकट दिला.

तर, पर्याय न विचारता शेवट खेळाडूच्याच हातून कसा घडवायचा? त्याची पेरणी आधी कुठे करायची? तुम्हाला कुठल्या गेमच्या शेवटाने हलवलं, आणि त्या क्षणी तुम्ही नेमकं काय करत होतात, तेही सविस्तर सांगा.