लॉकडाऊनने घरचं खायला शिकवलं म्हणे! करत कोण होतं ते?

ओट्यापाशी: परवा एकांनी लिहिलं, '२०२० च्या लॉकडाऊनने आपल्याला परत घरचं सकस खायला लावलं, बाहेरचं बंद झालं ते बरंच झालं.' दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय. आमच्याकडे सहा माणसं, मावशींना सुट्टी, सकाळी पोहे, दुपारी पूर्ण स्वयंपाक, चारला भजी, रविवारी कुकरमधला केक, वर पाणीपुरीच्या पुऱ्या पण घरीच लाटायच्या. मैद्याचा डबा आठवड्यात खाली. सकस कुठलं यात?

सातारकर: पोस्ट माझीच. रोज टपरीवर वडापाव खाणारा मी त्या एप्रिलमध्ये आईकडून भाकरी थापायला शिकलो. पहिले आठ दिवस नुसते नकाशे, कडा फाटायच्या, पण आज टम्म फुगते. पित्ताची गोळी सुटली. हे खोटं आहे का?

शेडवाला: खाणं बदललं ते त्याआधीच, अफवेने. चिकनमधून कोरोना होतो म्हणून फेब्रुवारीपासून मेसेज फिरले आणि माझ्या शेडवर ३००० पक्षी तयार असताना व्यापाऱ्याची गाडीच येईना, खाद्य तर रोज लागतंच. शेजारच्याने पिल्लं खड्ड्यात पुरली. नंतर डॉक्टर अंडी खा म्हणाले तेव्हा सगळे रांगेत.

तुळशीकट्टा: चार महिने चिकन नाही खाल्लं तर काय बिघडलं? तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी, मनुका घालून काढा घ्या असं आयुष मंत्रालयानेच सांगितलं होतं.

शेडवाला: बिघडलं माझं कर्ज! आणि तो काढा दिवसातून चारदा पिऊन चुलत्याचं तोंड आलं, त्यांना भाकरीचा घास जाईना.

तुळशीकट्टा: चारदा प्या कोणी सांगितलं? अती केलं तुम्ही, नावं काढ्याला.

शेडवाला: आणि अफवा पसरवली कोणी, कोंबडीने?

लूमवस्ती: चिकन-काढा बास करा आता. भिवंडीत आमचे यंत्रमाग बंद, पगार बंद. रेशनवर माणशी ५ किलो फुकट धान्य मिळालं, पण ज्यांचं कार्ड गावाकडे त्यांनी काय करायचं? शिवभोजन थाळी १० ची ५ रुपयाला केली, त्याच्या रांगेत मी उभा राहिलोय. घरात पहिल्यांदा दूध बंद झालं, मग भाजी. पोरगी काळ्या चहात शिळी पोळी बुडवून खायची.

सातारकर: तुमचं वाचून गप्प झालो. 'आपल्याला' हा शब्द चुकला, मान्य. भाकरीचं मात्र मागे घेणार नाही.

ओट्यापाशी: नका घेऊ. पण आता घरात भाकरी कोण थापतं ते सांगा, तुम्ही की अजून आईच?

सातारकर: रविवारी मी. बाकी दिवस आई.