मदत हवी आहे: इंजिनिअर नसलेल्यांना टेक्निकल रायटिंगमध्ये घेतात का?

नमस्कार मंडळी,

मी आर्णी तालुक्यातली (जि. यवतमाळ). बी.एस्सी. बॉटनी, नंतर अमरावती विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. टेक्निकल रायटिंगच्या, म्हणजे मॅन्युअल आणि वापराच्या सूचना लिहिण्याच्या नोकरीसाठी पुण्यातल्या एका कंपनीची रायटिंग टेस्ट पास झाले, पण मुलाखतीआधीच एचआरने फोनवर सांगितलं की अमेरिकेचा क्लायंट आहे, बी.ई. किंवा एमसीएच लागेल.

तिकडे इंग्रजी, पत्रकारिता शिकलेले कितीतरी जण हेच काम करतात. मग काम इकडे आलं की अट का बदलते? मला वाटतं, तिकडचा रायटर डेव्हलपरला लगेच विचारू शकतो. इथून विचारायचं तर तिकडे रात्र, एका शंकेत दिवस जातो. म्हणून कोड वाचून स्वतःच समजून घेणारा माणूस हवा असेल. हे खरं आहे, की नुसती अर्ज गाळायची सोय? ऑफशोअर टीममध्ये, म्हणजे परदेशी क्लायंटचं काम इथून करणाऱ्या टीममध्ये काम केलेल्यांनी कृपया सांगावं.

नमुना म्हणून मी बॅटरीच्या फवारणी पंपाचं मॅन्युअल इंग्रजीत नव्याने लिहिलंय. मूळ पत्रकात "नोझल चोक झाल्यास साफ करावे" एवढंच होतं. कशाने, ते नाही. आमच्याकडे माणूस सरळ तोंडाने फुंकतो. मी क्रमाने लिहिलं: पंप बंद करा, प्रेशर सोडा, हातमोजे घाला, नोझल काढून मऊ ब्रशने पाण्यात धुवा, तोंड अजिबात लावू नका. विमानांच्या मॅन्युअलसाठी जे सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश वापरतात, त्यात कृतीचं वाक्य २० शब्दांच्या आत ठेवतात, तो नियम पाळला. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कास्तकार आणि मजूर दगावले. सूचना नीट लिहिणं हे माझ्यासाठी फक्त नोकरीचं काम नाही.

पण सॉफ्टवेअर कंपन्या असा नमुना बघतील का, की एपीआयचंच (एक सॉफ्टवेअर दुसऱ्याशी जोडायची सोय) डॉक्युमेंटेशन दाखवावं लागेल? मार्कडाउन (साध्या मजकुरातच मांडणीच्या खुणा करायची पद्धत) आणि गिट (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) घरी शिकतेय, गूगलचा टेक्निकल रायटिंगचा फुकट कोर्स झालाय. एसटीसी या टेक्निकल रायटर्सच्या अमेरिकी संस्थेचं सर्टिफिकेट मनात होतं, पण ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली. पुण्यात राहून महागडा क्लास लावणं बाबांना झेपणार नाही, यंदा कापसाचं काही खरं नाही.

आणि एक, गावातून रिमोट काम देतात का? लाईन जाते, पण इन्व्हर्टर आहे आणि मोबाईलचं नेट बरं चालतं. ट्रॅक्टर, पंप, औषधं बनवणाऱ्या कंपन्यांत अशी कामं कुठे निघतात, तेही माहीत असेल तर सांगा. नमुना वाचून चुका दाखवणारं कुणी भेटलं तर व्यनि करा, लगेच पाठवते.