पावसाळ्यात फॉईल कार्डे वाकतात, काय करावे?

दांडियाबाजारकर :
नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजारातील एका जुन्या घरात राहतो आणि काही वर्षांपासून ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाची फॉईल (चकाकत्या थराची) कार्डे जमवतो. यंदा जुलैत बाइंडर उघडला, तेव्हा साधी कार्डे सपाट होती, फॉईल मात्र चित्राच्या बाजूला वाटीसारखी वळली होती. घाबरून मी ती ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या सहा पुड्यांसह बंद डब्यात ठेवली. आठवड्याने पाहतो तो ती उलट्या बाजूने कमानदार झालेली! कार्डे कायमची बिघडली असे समजावे काय?

मांजलपूरचा संग्राहक :
बिघडलेली नाहीत. कागद हवेतील ओलावा शोषून प्रसरण पावतो, चित्राखालचा चकाकता थर मात्र तसाच राहतो. त्यामुळे दमट हवेत पाठीकडचा कागद वाढून कार्ड चित्राकडे वळते, आणि फाजील कोरड्या डब्यात कागद आकसला की नेमके उलट घडते. म्हणजे सिलिका जेलने आपले काम केले, जरा जास्तच केले. एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) डब्यात ठेवा आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहील इतक्याच पुड्या ठेवा. ओलावा गरजेप्रमाणे सोडणारी व शोषणारी दुहेरी पाकिटे मिळाल्यास उत्तम. कार्डे सपाट व्हायला काही दिवस लागतील. जाड पुस्तकाखाली दाबण्याचा सल्ला बरेच जण देतात, परंतु ओलावा तसाच असेल तर पुस्तक उचलल्यावर कार्ड पुन्हा वळते. इस्त्रीचा प्रयोग तर चुकूनही करू नका.

जुना खेळाडू :
वरील उत्तराशी सहमत आहे. केवळ संग्रह असेल तर थोडा बाक मी मनावर घेत नाही. माझ्याकडची ‘उर्झाज लेगसी’ची काही फॉईल, म्हणजे ज्या १९९९च्या संचापासून कार्डांच्या विक्रीच्या पाकिटांत फॉईल येऊ लागली त्यातली, अजून किंचित वळलेलीच आहेत. मात्र डेकमध्ये (खेळायच्या गड्डीत) फक्त फॉईलच वाकलेली असतील तर ती पालथी असतानाही ओळखू येतात, आणि स्पर्धेत पंच अशा कार्डांना खुणेची कार्डे ठरवू शकतात.

दांडियाबाजारकर :
आभारी आहे. सहापैकी चार पुड्या आजच काढल्या. मापक आत्ता ३१ टक्के दाखवतो आहे.