फर्निचरच्या गाळ्याची आग आणि बंबाजवळून जाणाऱ्या गाड्या

बी-५०४: काल रात्री समोरच्या गाळ्याला आग लागली तेव्हा मी खालीच होतो आणि खरं सांगतो आगीपेक्षा जास्त भीती बाइकवाल्यांची वाटली. सर्व्हिस रोडवर बंब लावलेला, लाल दिवे फिरतायत, दोन पाइप रस्ता ओलांडून आत गेलेत, आणि लोक राँग साइडने येऊन सरळ त्या पाइपवरून बाइक घालतायत. एक जवान कपलिंग, म्हणजे दोन पाइपांचा धातूचा जोड, लावायला खाली वाकला होता, त्याच्या कोपराला आरसा घासून गेला. अडवलं तर म्हणे घाई आहे.

ए-२०१ काकू: अरे देवा. त्याला लागलं नाही ना रे?

बी-५०४: नाही काकू, थोडक्यात वाचला. वर पण न बघता पुन्हा कामाला लागला.

सी-१२०३: चूक आहेच, पण घोडबंदरला आधीच मेट्रोचं काम, ट्रॅफिक एवढा, माणूस ऑफिसमधून दमून येतो, त्याने थांबायचं तरी किती वेळ? दुसरा रस्ता द्या ना मग.

बी-५०४: दादा दमतात सगळेच, पण तो पाइप काय करतो ते ऐका एकदा. चाक वर चढलं की पाणी दबतं, कपलिंग निसटलं तर धातूचं तोंड सापासारखं फटकारतं, बाजूला कोणी उभा असेल तर हाड मोडेल. आणि आत जो ब्रँच, म्हणजे पाइपचं पाणी मारायचं तोंड, धरून उभा आहे ना, त्याला धुरात काही दिसत नाही, समोरची आग मागे ढकलायला त्याच्याकडे तेवढं पाणीच असतं. ते अचानक कमी झालं तर बाहेर काय घडलं हे त्याला कळणार पण नाही. तुमची दहा मिनिटं आणि त्याचा जीव, एवढाच हिशोब आहे.

सी-१२०३: हे माहीत नव्हतं. मान्य.

ए-७०१: पण दंड आहे का याला? की नुसतंच आपण बोलायचं?

सेक्रेटरी: आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला १९४ई कलम आलं, बंब किंवा अँब्युलन्स येताना गाडी बाजूला घेतली नाही तर १०,००० दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण ते येणाऱ्या गाडीला वाट द्यायचं कलम आहे. उभ्या बंबाच्या बाजूने कोणी धोकादायक गाडी हाणली तर १८४ लागतं, त्यात राँग साइड स्पष्ट लिहिलेली आहे, पहिल्या वेळी १,००० ते ५,००० दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद. कलम पुरेसं आहे, लावणारा पाहिजे.

ए-७०१: माझी मुलगी शिकागोजवळ राहते, तिकडे इलिनॉयमध्ये यासाठी वेगळाच कायदा आहे, स्कॉट्स लॉ म्हणतात. २००० च्या डिसेंबरमध्ये स्कॉट गिलन नावाचा फायर लेफ्टनंट हायवेवर अपघाताच्या ठिकाणी काम करताना गाडीखाली गेला, चालवणारा दारू प्यायलेला होता. त्याच्या नावाने कायदा केला. दिवे लागलेली इमर्जन्सी गाडी उभी दिसली की लेन बदलायची, जमत नसेल तर स्पीड कमी करून सांभाळून जायचं. पहिल्याच वेळी कमीत कमी २५० डॉलर, वर १०,००० पर्यंत. कोणी जखमी झालं तर लायसन्स पण सस्पेंड.

ए-२०१ काकू: आपल्याकडे १४ एप्रिलला अग्निशमन दिन असतो तो १९४४ च्या गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांसाठी. काळबादेवीला २०१५ मध्ये चीफ ऑफिसर नेसरीकर आणि त्यांचे सहकारी गेले. आगीशी लढताना गेले ती माणसं. पण कोणाच्या तरी घाईपायी रस्त्यावर जवान जायचा, हे मला सहनच होत नाही.

बी-५०४: खरंय काकू. आणि एक, बंब म्हणजे नुसती गाडी नाही, शिडीची गाडी असेल तर तिचे जॅक दोन्ही बाजूंना बाहेर येतात, मागून पाइप आणि सामान काढावं लागतं, म्हणून चारी बाजूंनी जागा मोकळी सोडायची. बघे लोक मोबाइल घेऊन नेमके तिथेच उभे राहतात.

सी-१२०३: मग आपल्या गेटवर पण बघा, फायर ब्रिगेड इनलेटची, म्हणजे बंबाचं पाणी बिल्डिंगच्या पाइपमध्ये सोडायची, चार तोंडं आहेत तिथे रात्री दोन गाड्या लागतात. बंब आला तर पाइप लावणार कुठे?

सेक्रेटरी: कोणाच्या आहेत माहीत आहे, मी स्वतः बोलतो. वॉचमनला सांगून ठेवतो, समोर कुठेही बंब लागला की आपल्या बाजूने दोरी आणि टॉर्च घेऊन उभं राहायचं, पोलीस येईपर्यंत बाइक अडवायच्या. जवान काय सांगेल तेच ऐकायचं.

बी-५०४: कालच्या बाइकचा नंबर एकाच्या व्हिडिओत नीट आलाय. महाट्रॅफिक अॅपवर तक्रार टाकतोय. ज्यांच्याकडे अजून क्लिप असेल त्यांनी मला पर्सनलवर पाठवा, ग्रुपवर नको.