सल्ला हवा: जुनी जपानी केई गाडी घ्यायची आहे. बीट, कॅपुचिनो की सुबारू ३६०?

लेस्टरकर:
मंडळी, मुक्काम इंग्लंड. गॅरेजमध्ये एक जागा मोकळी झाली आहे आणि डोक्यात जपानी केई, म्हणजे सरकारने ठरवलेल्या छोट्या मापातल्या, गाड्यांचं खूळ शिरलंय. रोज ऑफिसला न्यायची नाही, रविवारी फिरवायची. यादीत होंडा बीट, सुझुकी कॅपुचिनो, ऑटोझॅम एझेड-१ आणि फारच धाडस झालं तर सुबारू ३६०. हात काळे करायची तयारी आहे, पण वेल्डिंग येत नाही. बायको विचारते, "एवढ्याशा गाडीत लोक एवढं काय बघतात?" त्याचंही उत्तर द्या, म्हणजे मंजुरी मिळेल.

हामामात्सुकर:
आधी वहिनींचं उत्तर. या गाड्या सरकारी मापाच्या पोटी जन्मल्या. १९५५ पासून इंजिन ३६० सीसीपर्यंत, लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर (पुढे ही मापं वाढली). त्यात बसलात तर कर कमी. मग तेवढ्या जागेत कोणी काय काय कोंबलंय ते बघत बसावं! १९६२ च्या माझदा कॅरोलमध्ये ३५८ सीसीत चार सिलिंडर, म्हणजे एकाच्या वाट्याला नव्वद सीसीसुद्धा नाही. होंडाची पहिली चारचाकी म्हणजे १९६३ चा टी३६०, एक चिमुकला ट्रक. त्याला डबल ओव्हरहेड कॅम, म्हणजे स्पोर्ट्स गाडीला शोभणारी इंजिनाची रचना. माल वाहायच्या ट्रकला! सुबारू ३६० बनवणारे मूळचे नाकाजिमा विमान कंपनीतले, त्यामुळे वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, छत फायबरग्लासचं, वजन चारशे किलोच्या आत. सुरुवातीच्या गाडीत सोळा अश्वशक्ती, आणि त्यावर चार माणसं.

नुसती दुर्मीळ वस्तू हवी असेल तर तीनचाकी फुजी केबिन आहे. जेमतेम ८५ बनल्या. ती संग्रहालयात बघायची आणि घरी यायचं.

दोनस्ट्रोक:
सुबारू ३६० घ्या, डोळे मिटून. गाडी चाळीस वर्षांवरची, म्हणजे तुमच्याकडे रोड टॅक्स नाही, सक्तीची वार्षिक तपासणी नाही. शक्यतो १९६४ नंतरची बघा, टू-स्ट्रोक इंजिनाला लागणारं ऑइल आपोआप मिसळतं. त्याआधीच्या गाडीत पेट्रोलमध्ये हाताने ऑइल घालत बसावं लागेल. सुरुवातीच्या मॉडेलचा टॉप स्पीड ताशी ८३ किमी. बजाज चेतकवर वाढलेल्या माणसाला त्या धुराच्या वासानेच रडू येईल.

जर्सीवाला:
@दोनस्ट्रोक, डोळे मिटून म्हणे! दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, पुढे क्रम्पल झोन (धडक झेलणारा भाग) म्हणाल तर ड्रायव्हरचे गुडघे. १९६८ पासून ही अमेरिकेत विकली. हजार पौंडांच्या आत वजन, म्हणून सुरक्षा नियमांतून सुटली. पुढच्याच वर्षी एका ग्राहक मासिकाने 'अस्वीकारार्ह' असा शेरा मारला. गावातल्या गावात ठीक, लेस्टरच्या मोटरवेवर नको.

आणखी एक. आमच्याकडे अमेरिकेत २५ वर्षं झाली की बाहेरची गाडी आणता येते. २०१६ पासून १९९१ च्या बीट आणि कॅपुचिनो त्यात बसायला लागल्या, आणि तेव्हापासून तुम्ही-आम्ही एकाच लिलावात बोली लावतोय. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नका.

पुणेरी_गॅरेज:
आपल्या मारुती ८०० ची आत्याच की ही सगळी मंडळी. १९८३ ची पहिली ८०० म्हणजे सुझुकीची एसएस८०, त्या वेळच्या केई ऑल्टोचंच मोठ्या इंजिनाचं भावंड. एवढंच सांगायला आलो होतो. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

हामामात्सुकर:
आता कामाचं. वेल्डिंग येत नाही हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. या गाड्यांचं इंजिन सहसा दगा देत नाही, गंजलेला पत्रा देतो.

एझेड-१ चे पंखासारखे वर उघडणारे दरवाजे बघून माणूस वेडा होतो. पण एकूण साडेचार हजारांच्याही आत बनल्या, सामानाला जागा नाही, खिडकीचा छोटासा तुकडाच उघडतो, आणि भाव ऐकून वहिनी मंजुरी मागे घेतील. बीटचं इंजिन मधोमध, ६५६ सीसी, टर्बोशिवाय ६४ अश्वशक्ती, तीही ८१०० आरपीएमला. ओरडवायला मजा. पण टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागा आणि ईसीयूतले (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातले) कपॅसिटर गळके नाहीत ना ते तपासून घ्या. जुन्या बीटमध्ये हे ठरलेलं दुखणं.

तुमच्यासाठी माझं मत कॅपुचिनो. इंग्लंडमध्ये ती अधिकृतपणे विकली गेली, त्यामुळे तिथे सुटे भाग आणि जाणकार दोन्ही सापडतात. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, छताचे तीन तुकडे काढून डिकीत. अर्थात मग डिकीत दुसरं काही मावत नाही. शक्य असेल तर जपानहून अलीकडे आलेली बघा. तुमच्याकडच्या रस्त्यांवरचं मीठ तिने कमी खाल्लेलं असतं.

लेस्टरकर:
कॅपुचिनो ठरली. तुमच्या वहिनी 'ट्रकला डबल कॅम'वर हसल्या, म्हणजे झालं. शनिवारी एक बघायला जातोय. सोबत काय नेऊ?

हामामात्सुकर:
टॉर्च, चटई आणि लोहचुंबक. आधी गाडीखाली झोपा: दाराखालचे सिल, मागच्या चाकांच्या कमानी, मग फ्लोअर. चुंबक जिथे धरत नाही तिथे पुट्टी भरलेली समजा. फक्त बॉनेट आणि छतावर लावून मालकाशी भांडू नका, ते मुळातच ॲल्युमिनियमचं आहे.